एमआरआय नॉर्मल, मग आजार खोटा का?



गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी संपत आली असताना, आमगावकडची एक बाई नवऱ्याबरोबर माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या आत. तीन महिन्यांपासून झोप नाही, जेवण जात नाही, डोके जड, कशातच मन लागत नाही. दरवर्षी रोवणीत सगळ्यांच्या पुढे असणारी ही बाई यंदा बांधावर नुसती बसून राहिली. नवऱ्याच्या हातात नागपूरहून आणलेली एमआरआयची मोठी पिशवी होती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "रिपोर्ट नार्मल आहे जी डॉक्टरसाहेब. मेंदूत काहीच नाही. आता तुम्हीच समजवा हिला, नाटकं बंद कर म्हणा."

मी नवऱ्याला दहा मिनिटे बाहेर बसायला सांगितले आणि तिला विचारले, "बाई, जगून काय करायचे, असे मनात येते का?" ती रडायला लागली. म्हणाली, "रोजच येते जी." तीन महिन्यांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. मांत्रिकाने नाही, नातेवाइकांनी नाही, आधीच्या डॉक्टरांनीही नाही. आणि सहा हजार रुपये घेणाऱ्या त्या यंत्राला तो विचारता येत नाही.

त्याच महिन्यात तिरोड्याकडचा एक तरुण आला. स्किझोफ्रेनियावर चार वर्षे उपचार घेऊन छान सावरला होता, दुकानात कामाला जात होता. त्याच्या काकांना मोबाईलवर एक चित्र आले. एक मेंदू करडा, दुसरा नारिंगी-लाल रंगाने उजळलेला. खाली मजकूर: आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदू बदलतो हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, गोळ्यांची गरज नाही. काकांनी गोळ्या बंद केल्या आणि पहाटे चारला उठवून ध्यानाला बसवले. दीड महिन्यात मुलाला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात, असे म्हणून त्याने जेवण सोडले.

वरवर पाहता ही दोन घरे एकमेकांच्या उलट वागली. एकाने फोटोत काही दिसले नाही म्हणून आजार नाकारला, दुसऱ्याने फोटोत रंग दिसला म्हणून आजार बरा झाला असे मानले. पण चूक एकच आहे. समोरच्या माणसापेक्षा दोघांनीही मेंदूच्या फोटोवर जास्त विश्वास ठेवला. आज मला या विश्वासाशीच भांडायचे आहे.

फोटोत नेमके काय दिसते?

तुम्ही पिशवीत घालून आणता तो साधा एमआरआय. त्यात मेंदूची रचना दिसते. गाठ आहे का, रक्तस्राव झाला का, रक्तपुरवठा बंद पडून एखादा भाग मेला का, फितकृमीच्या अळीची गाठ आहे का, हे तो फार चांगले सांगतो. एखाद्या घराच्या फोटोत भिंत पडलेली दिसते, छप्पर उडालेले दिसते. पण त्या घरात आज भांडण झाले का, चूल पेटली का, हे फोटोत दिसत नाही. नैराश्य, चिंतेचे आजार, स्किझोफ्रेनिया हे मेंदूच्या कामकाजातले बिघाड आहेत. त्यांत साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो नॉर्मल येणे हा निदानाचा शेवट नाही.

बातम्यांत दिसणारी रंगीत चित्रे वेगळ्या तपासणीची असतात. तिला फंक्शनल एमआरआय म्हणतात. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करतो तेव्हा तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त जाते, आणि तो सूक्ष्म फरक हे यंत्र टिपते. म्हणजे मोजतो तो रक्तातला ऑक्सिजन, विचार किंवा दुःख नव्हे. चित्रातला लाल-नारिंगी रंग मेंदूत नसतो. संगणक लाखभर ठिपक्यांची तुलना करतो आणि जिथे फरक सापडतो तिथे रंग भरतो. आता हिशेब करा. हजारात एकच चूक धरली, तरी लाख ठिपक्यांत शंभर ठिपके निव्वळ योगायोगाने रंगतात.

हे दाखवायला अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक मजेशीर प्रयोग मांडला. त्यांनी बाजारातला मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो "दाखवले". योगायोगाची ती दुरुस्ती न करता हिशेब केला तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली. या कामाला २०१२ मध्ये इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार मिळाला, पण त्यातला धडा गंभीर आहे. चांगले संशोधक ही दुरुस्ती करतात. मोबाईलवर चित्र पाठवणारे काका करत नाहीत.

आजाराच्या फोटोंचे खरे संशोधन काय सांगते?

मनोविकारांत मेंदूत काहीच बदल नसतो, असे मी म्हणत नाही. १९७६ साली लंडनमध्ये ईव्ह जॉन्स्टन यांनी सीटी स्कॅनने दाखवले की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या निरोगी लोकांपेक्षा मोठ्या आहेत. मनाच्या आजाराला शरीराचा आधार आहे, हे ठसवणारे ते मोठे पाऊल होते.

पण पुढचा आकडा नीट वाचा. नैराश्यावरचे एक मोठे आंतरराष्ट्रीय संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोकांचे एमआरआय तपासले. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत लहान आढळला. किती लहान? सरासरी १.२४ टक्के. तोही प्रामुख्याने ज्यांना नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा आले त्यांच्यात.

आपल्या भाषेत सांगतो. दोन गावांत धानाचा सरासरी उतारा एक-सव्वा टक्क्याने कमी-जास्त आहे. आता एका बांधीचा उतारा पाहून ती कोणत्या गावची, हे सांगाल का? नाही सांगता येणार, कारण एकाच गावातल्या दोन बांध्यांत त्याहून कितीतरी मोठा फरक असतो. मेंदूचेही तसेच आहे. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या फिल्मवर शोधता येत नाही.

२०२२ मध्ये "नेचर" या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. सुमारे ५० हजार लोकांचे स्कॅन तपासून संशोधकांनी सांगितले की मेंदूची रचना किंवा कामकाज आणि माणसाचे वागणे, लक्षणे यांचा संबंध विश्वासाने सांगायचा तर हजारो माणसे लागतात. तोवरच्या अशा अभ्यासांत साधारण पंचवीसच माणसे असत. म्हणूनच आजही नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया ठरवण्यासाठी जगातल्या कोणत्याही मान्य निदान-नियमावलीत स्कॅनची अट नाही. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आजार ठरवताना मान्य वैद्यकीय निकषांकडे बोट दाखवतो, फिल्मकडे नाही.

आणि ध्यानाचे फोटो?

आता काकांच्या चित्राकडे वळू. ते पूर्ण खोटे नव्हते, अर्धवट होते.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या सारा लाझार यांनी अनेक वर्षे ध्यान करणाऱ्या २० जणांची ध्यान न करणाऱ्या १५ जणांशी तुलना केली. ध्यान करणाऱ्यांत मेंदूच्या बाह्य आवरणाचे काही भाग जाड आढळले. पण ते ध्यानामुळे जाड झाले, की ज्यांचे आधीच तसे होते तेच ध्यानात टिकले, हे अशा तुलनेतून कळत नाही. २०११ मध्ये पुढचा अभ्यास आला. १६ जणांनी आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग केला आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पससह काही भागांत करड्या पेशीद्रव्याचे प्रमाण वाढलेले दिसले. "आठ आठवड्यांत मेंदू बदलतो" हे वाक्य जगभर फिरले ते इथून. सोळा जणांच्या बळावर!

नंतर काय झाले, हे मात्र मोबाईलवर फिरत नाही. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने तोच आठ आठवड्यांचा वर्ग २१८ लोकांवर जास्त काटेकोरपणे तपासला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, तुलनेसाठी दुसऱ्या एका आरोग्यवर्गाचा गटही ठेवला. मेंदूच्या रचनेत ध्यानवर्गामुळे बदल झाल्याचे आढळले नाही. या गटात रिचर्ड डेव्हिडसन होते. ध्यानावर आयुष्यभर काम केलेला आणि स्वतः ध्यान करणारा हा शास्त्रज्ञ आहे, ध्यानाचा विरोधक नाही. आपल्याच आवडत्या कल्पनेविरुद्ध निकाल आला तरी त्यांनी तो छापला. विज्ञान म्हणतात ते याला.

आपल्या देशातलेही उदाहरण पाहा. बंगळुरूच्या निम्हान्सने २०११ मध्ये ॐकार जपावर फंक्शनल एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ निरोगी लोक होते. तुलनेसाठी त्यांना नुसता "स्स्स" असा आवाज काढायला लावला. ॐकाराच्या वेळी भावनांशी संबंधित भागांची हालचाल कमी झालेली दिसली. संशोधकांनी स्वतः त्याला प्राथमिक अभ्यास म्हटले. पण आपल्याकडे त्याचे "ॐकाराने डिप्रेशन बरे होते, निम्हान्सचा शिक्का" असे भाषांतर होते. त्या बारा जणांत नैराश्याचा एकही रुग्ण नव्हता हो!

आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले. त्यांनी योगक्रियांचे एक्स-रे घेतले, नौली करताना आतड्यातला दाब मोजला आणि जे मोजले तेवढेच "योगमीमांसा" या नियतकालिकात मांडले. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात योगाची तपासणी इतक्या शिस्तीत होत होती. आज आपण एका रंगीत चित्रावर घरातल्या माणसाच्या गोळ्या बंद करतो. परंपरेचा अभिमान असेल तर ही शिस्तही उचलायला नको का?

मग ध्यान निरुपयोगी आहे का?

अजिबात नाही. आणि गंमत अशी की ध्यानाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा स्कॅनमधून आलेलाच नाही. तो आला आहे रुग्णांना "झोप कशी आहे, भीती किती वाटते, आजार उलटला का" हे विचारून.

२०१४ मध्ये ४७ चाचण्यांतल्या ३,५१५ लोकांचा एकत्रित आढावा निघाला. ध्यानवर्गांनी चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम आराम पडतो, असे दिसले. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस असल्याचे मात्र दिसले नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये नैराश्य वारंवार उलटणाऱ्या ४२४ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्याने ध्यानावर आधारलेली उपचारपद्धती शिकून डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केल्या. दोन वर्षांत आजार उलटला तो पहिल्या गटात ४७ टक्के लोकांत आणि दुसऱ्यात ४४ टक्के लोकांत. म्हणजे जवळपास बरोबरी. चिंतेच्या आजारांत एस्सिटालोप्राम या गोळीशी ध्यानवर्गाची तुलना २७६ जणांवर झाली. तिथेही आराम साधारण सारखाच.

म्हणून माझ्या रुग्णांना सौम्य चिंता, ताण, जुनी दुखणी असतील तर मी ध्यान जरूर सुचवतो. पण या चाचण्यांतले ध्यान म्हणजे मोबाईलवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ नव्हता. प्रशिक्षित शिक्षक, दर आठवड्याला दोन-अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोजचा सराव होता. आणि हे रुग्ण निवडून घेतलेले होते. भास होणारे, संशयाने ग्रासलेले रुग्ण त्यांत नव्हते.

ध्यानाचे दुष्परिणामही असतात. ८३ अभ्यासांच्या २०२० च्या आढाव्यात शंभरात साधारण आठ जणांना त्रास झाल्याचे आढळले. त्यात मुख्यतः चिंता आणि उदासी वाढण्याच्या तक्रारी होत्या. आणि हे फक्त माझ्यासारखा ॲलोपॅथीवाला सांगतो असे नाही. इगतपुरीच्या परंपरेतल्या विपश्यना केंद्रांची नियमावलीच सांगते की ही साधना मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. शिबिराचा अर्ज भरताना आजार लपवू नका. तिथले लोक तो विचारतात ते तुमच्याच भल्यासाठी.

आमचाही दोष आहे

सगळी चूक नातेवाइकांची म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्या बाईला एमआरआय लिहून देणारा डॉक्टरच होता ना? मीही तसे केले आहे. सकाळपासून दीडशे रुग्णांची ओपीडी, समोर नवरा म्हणतो, "एकदा डोक्याचा फोटो काढूनच टाका," आणि फॉर्म भरायला अर्धा मिनिट पुरतो. तेच तिच्याशी बोलायला पंधरा मिनिटे लागतात. नंतर रिपोर्ट पाहून आम्ही हसून म्हणतो, "काही नाही, सगळे नॉर्मल आहे." आम्हाला म्हणायचे असते, गाठ नाही. घरच्यांना ऐकू येते, आजार नाही. या एका वाक्याने आम्ही किती बायका-पुरुषांना खोटे पाडले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्या सहा हजारांत नैराश्यावरच्या साध्या जेनेरिक गोळ्या वर्षभर पुरल्या असत्या.

एमआरआय किंवा सीटी केव्हा करायचा, हेही सांगतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच स्वभाव किंवा वागणे बदलले, डोक्याला मार लागला होता, फिट आली, उलटीसह वाढती डोकेदुखी आहे, हात-पाय लुळे पडले, बोलणे अडखळते, तर स्कॅन लांबवू नका. ताप आणि बरळणे एकत्र असेल तर आपल्या भागात, विशेषतः सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात, आधी मलेरियाचा विचार हवा आणि तो त्याच दिवशी हवा. मन उदास राहण्याच्या तक्रारीत थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ या स्वस्त तपासण्या आधी येतात.

"पण डॉक्टर, दिसल्याशिवाय लोक मानत नाहीत!"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. "हा मेंदूचा आजार आहे" म्हटले की कलंक कमी होतो, मांत्रिकाकडची वारी थांबते. म्हणून काही चांगली माणसेही फोटोचा आधार घेतात.

पण ज्या दुःखाचा मान फोटोवर उभा केला, तो मान स्वच्छ फोटो आला की कोसळतो. त्या बाईचे तेच झाले. मिरगीच्या कित्येक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो, अर्धशिशीतही तो नॉर्मल असतो. फिट डोळ्यांनी दिसते म्हणून तिला कोणी नाटक म्हणत नाही. नैराश्यही दिसते हो, पण त्यासाठी यंत्र नव्हे, घरातल्यांचे लक्ष लागते. रोवणीत पुढे असणारी बाई बांधावर बसते, हा त्या आजाराचा रिपोर्टच आहे.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यात होते. नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. यंत्रांच्या कमतरतेने ते मागे राहिले नाहीत. कोणी विचारले नाही, कोणी ऐकले नाही, आणि जवळ मानसोपचारतज्ज्ञ नव्हता.

तुम्ही काय कराल?

१. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडणे, कामात मन न लागणे असेल तर डॉक्टरांना लक्षणे सांगा. "फोटो काढा" ही मागणी करू नका.

२. जगण्याची इच्छा नाही का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते.

३. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. कोणाचेही ऐकून अचानक बंद करू नका.

४. ध्यान करायचे असेल तर उपचारांच्या जोडीने आणि डॉक्टरांना सांगून करा. आवाज ऐकू येणे, टोकाचा संशय, अतिउत्साहाचे झटके असा इतिहास असेल तर दीर्घ मौन शिबिर नको.

५. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाता येते. प्रवास जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक २४ तास चालतो. मराठीतही बोलता येते.

तिरोड्याचा तो तरुण गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर सावरला. वेळ लागला, आणि दुकानातली नोकरी मात्र गेली. काका आता त्याला स्वतः औषधे देतात.

आमगावची बाई धान कापणीच्या वेळी तपासणीला आली. झोप लागते, जेवते, कापणीला जाते. मला बरे वाटले. उठता उठता नवऱ्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, बरी झाली की नाही ते पाहायला एमआरआय परत काढावा लागेल का जी?"

मी म्हटले, "नको. तिलाच विचारा."